भज्यांचा उपास

माझं वजन आयुष्यात पहिल्यांदा झालं ते धान्याच्या काट्यावर. कळंबमधल्या आमच्या डॉक्टरांकडं तान्ह्या लेकरांना तोलायचा काटा होता, मोठ्या माणसांचा नव्हता. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मोंढ्यात जाऊन तोलून या आणि मला सांगा." मी गेलो. धान्याच्या आडतीच्या दारात मोठा तराजू टांगलेला, एका पारड्यात ज्वारीचं भरलेलं पोतं. ते उतरवायचे कष्ट न घेता हमालानं मला दुसऱ्या पारड्यात बसवलं. साखळ्या धरून, पाय दुमडून मी तुळाभाराला बसलेल्या राजासारखा बसलो. पारडं खाली गेलं, जरा डुललं, आणि पोत्यापेक्षा किंचित वर येऊन थांबलं.

"मुन्शीजी," हमाल म्हणाला, "पोत्याला दोनच पायल्या कमी भरलाव बघा. तेवढं भरून या, मंग तोंड शिवून थप्पीला लावतो."

मोंढा हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. आपल्यावर हसणाऱ्यांत आपणच पुढं असलं की कमी लागतं, असा माझा जुना समज आहे. तिथून निघालो तो सरळ मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात गेलो आणि दोन प्लेट भजी खाल्ली. अपमान झाला होता ना. डॉक्टरांना वजन सांगताना मी त्यातून आणखी दोन पायल्या स्वतःच्या अधिकारात वजा केल्या.

आमच्या घरात ही गोष्ट लग्नाकार्यात अजून सांगितली जाते, आणि दर खेपेला प्लेटींचा आकडा वाढतो. परवाच्या एका साखरपुड्यात तो सातावर गेला. म्हणून म्हटलं, एकदा आपणच नीट लिहून ठेवावं. शिवाय सांगणारे जिथं हसून थांबतात, तिथून पुढंच खरी गोष्ट आहे, आणि ती त्यांना ठाऊक नाही.

डॉक्टरांकडं मी आपण होऊन गेलो नव्हतो. त्या चैत्रात आम्ही नवराबायको तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. देऊळ खाली, पायऱ्या उतरून जायच्या. उतरताना मी सगळ्यांच्या पुढं होतो. चढताना तीनदा बसलो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा बायकोनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. माझे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी गेले, ते असेच धाप लागून, बैलगाडीत चढता चढता. ते तिनं पाहिलं होतं. आठवडाभरानं ती डॉक्टरांकडं जा म्हणून मागं लागली. डॉक्टरांनी छाती तपासली, लघवी तपासली, म्हणाले, "साखरेची सुरुवात आहे. आत्ता आवरलंत तर आवरेल. खाणं कमी करा." तिला तेवढंच पुरलं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: हा माणूस आवरला नाही, तर जाईल.

आता मी खात का होतो ते सांगतो. भुकेनं नाही, एवढं तेव्हाही मला कळत होतं.

मी तहसील कचेरीत कारकून. निजामाच्या अमदानीत कारकुनाला मुन्शी म्हणायचे. राज्य गेलं, हाक राहिली. माझं शिक्षण सगळं उर्दूत. मराठी ही आमची घरात बोलायची, भांडायची, आरत्या म्हणायची भाषा. कागदावर बसलो की मी उर्दूत विचार करायचो. पंधरा वर्षं माझ्या अक्षराला लोक वाहवा म्हणायचे. मग आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि कचेरीत नवे साहेब आले. घाटाकडचे, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, बी. ए. झालेले. वाईट गोष्ट अशी, की माणूस सज्जन होता. शिव्या देणारा साहेब परवडतो. त्याला मनातल्या मनात शिव्या देता येतात, हिशेब मिटतो. हे साहेब माझा मसुदा वाचायचे, तांबड्या पेन्सिलीनं चारदोन खुणा करायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "मुन्शीजी, हे जरा पुन्हा लिहून आणता का?" एकदा समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "वाक्य कुठे संपते?" मी तो मसुदा तीनदा वाचला. मलाही सापडलं नाही.

हे घरी सांगायची सोय नव्हती. बायको म्हणजे बार्शीची. बार्शी आमच्यापासून हाकेवर, पण ती पहिल्यापासून इंग्रजी राज्यातली. त्यांच्याकडं आमच्या मुलखाला मोगलाई म्हणायचे, आणि लग्नात माझ्या सासऱ्यांनी, ते शाळामास्तर, माझी सही पाहून "अक्षर मोत्यासारखं, पण वाचायचं कोणत्या बाजूनं?" असं विचारलं होतं. त्या घरच्या मुलीला मी कुठल्या तोंडानं सांगू, की मला मराठी लिहिता येत नाही?

तोंड होतं, पण ते दुसऱ्या कामात होतं. कचेरी सुटली की पाय आपोआप स्टँडकडं वळायचे. हॉटेलवाला कढईमागून माझी चाल बघायचा आणि तिथूनच विचारायचा, "मुन्शीजी, आज किती कागद वापस?" मी बोटं दाखवायचो. तेवढ्या प्लेटी यायच्या. जगात माझं दुःख नेमकं ठाऊक असलेला तो एकच माणूस होता, आणि त्याच्याकडं त्यावर एकच औषध होतं.

चातुर्मास लागायच्या तोंडावर आक्का आली. माझी थोरली बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, विधवा, तुळजापुरात पुजाऱ्यांच्या घरात नांदलेली. त्या घरात नैवेद्याची पुरणपोळी रोजची. तीस वर्षं पुरणात राहून आक्का काडीसारखी राहिली होती, त्यामुळं खाण्याच्या बाबतीत तिचा शब्द आमच्याकडं शेवटचा. बायकोनंच तिला बोलावणं पाठवलं होतं, हे मला मागाहून कळलं.

आली त्याच संध्याकाळी तिनं माझी परीक्षा घेतली. मी कचेरीतून आलो, टोपी खुंटीला लावली आणि बायकोला म्हणालो, "काहीतरी खायला आण गं. लई भूक लागलीय."

आक्का भिंतीला टेकून वाती वळत होती. "दुरडीत सकाळची भाकरी आहे," ती म्हणाली. "घे."

"बरोबर काय आहे?"

"काही नाही. कोरडी."

"कोरडी नको आक्का."

"मग पोहे करायला सांगू?"

"चालतील."

"मग तुला भूक नाही," आक्का म्हणाली. "भुकेला कोरडी भाकरी चालते. पोहे रुसव्याला लागतात. कुणावर रुसून आलास?"

मी म्हणालो, "कुणावर नाही," आणि पाणी पिऊन बाहेर जाऊन बसलो. पोहे काही आले नाहीत.

दोन दिवसांनी कांदेनवमी होती. आता ह्या दिवसाबद्दल मला काही म्हणायचं आहे. चातुर्मासात चार महिने कांदा-लसूण बंद, म्हणून त्याआधी एक दिवस घरातला सगळा कांदा खाऊन संपवायचा, अशी आपली रीत. चार महिने सोडायचं म्हणून चार महिन्यांचं एका दिवसात घालायचं. त्यागाची एवढी दणदणीत तयारी दुसऱ्या कुठल्या मुलखात करत असतील असं वाटत नाही. त्या दिवशी मी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं आणि कांद्याचा झुणका खाऊन उताणा पडलो होतो. आक्का उशाशी येऊन बसली.

"आता नेम कोणता धरतोस?"

दर वर्षी मी नेम धरायचो. मागच्या वर्षी कारलं सोडलं होतं. त्याआधी पडवळ. मी म्हणालो, "ह्या साली शेपू सोडावा म्हणतो."

"शेपू तू खातोस कधी? एकवाढी धर. आणि मौन."

एकवाढी म्हणजे ताटात एकदाच वाढतील तेवढंच खायचं. मागायचं नाही, कुणी आग्रह केला तर घ्यायचं नाही. मौन म्हणजे पहिल्या घासापासून हात धुईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आक्का पुढं म्हणाली, "आणि दोन जेवणांच्या मधी काही नाही."

"बरं," मी म्हणालो. पोट एवढं भरलेलं असताना माणूस कशालाही बरं म्हणतो.

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "वन्सं, मग माझाही एक नेम. ह्यांचा नेम ज्या दिवशी मोडेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा उपास. फराळाचा नाही, नुसत्या पाण्यावरचा."

"हे काय भलतंच?" मी उठून बसलो.

"तुम्ही मोडू नका, म्हणजे मला करावा लागणार नाही," ती म्हणाली आणि आत गेली. आक्का तिच्याकडं पाहत राहिली, मग माझ्याकडं. "ऐकलंस ना?" एवढंच म्हणाली.

पहिल्या दिवशी मी पाटावर बसलो आणि ताट समोर आलं. सहा भाकरी, भाताचा डोंगर, त्यावर वरणाची नदी, अर्धी वाटी तूप, आमटीच्या दोन वाट्या. पुन्हा मागता येणार नाही, मग एकदाच पोटभर नको का, असा त्या बिचारीचा विचार. ताटात टाकलेलं अन्न म्हणजे पाप, हे आम्हाला बारशापासून शिकवलेलं. तोंडानं "पुरे" म्हणायला मौन आडवं. मी सगळं खाल्लं. नेम पाळून मी रोजच्यापेक्षा दीडपट जेवलो आणि कचेरीत जाऊन टेबलावर डोकं ठेवून झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून वाढायचं काम आक्कानं आपल्याकडं घेतलं. दीड भाकरी, मूठभर भात, भाजी भरपूर. बायको चुलीपुढून म्हणाली, "वन्सं, आणखी अर्धी तरी." आक्का म्हणाली, "तू गप. तुझं मौन नाही, तरी गप."

मौनानं एक झालं. बोलता येईना, तेव्हा मला माझंच बोलणं ऐकू यायला लागलं. पहिला घास घेतला की डोक्यात साहेब येऊन बसायचे. मी त्यांना सांगायचो, पंधरा वर्षं नोकरी केली आहे, तुम्ही शाळेत असताना मी हुकूम लिहीत होतो. ते म्हणायचे, वाक्य कुठं संपतं. मी तावातावानं भाकरी मोडायचो. दीड भाकरी संपेपर्यंत मी तो वाद तीनदा जिंकलेला असायचो, आणि भाजी कशाची होती ते मला सांगता आलं नसतं. हे मला आठ दिवसांनी कळलं, जेव्हा आक्कानं हात धुतल्यावर विचारलं, "आज भाजी काय होती?" मी म्हणालो, "भोपळा." ती दोडक्याची होती.

नेम चांगला चालला होता, असं मी म्हटलं असतं. पण मी कारकून माणूस. कुठलाही हुकूम हातात आला की त्यातली फट आधी दिसते. मी मनाशी वाचन केलं: एकवाढी म्हणजे ताटातली. हॉटेलात ताट नसतं, प्लेट असते. मौन जेवतानाचं. भजी हे जेवण नाही. कांदा वर्ज्य, तर बटाट्याची घ्यावीत. राहिलं "दोन जेवणांच्या मधी काही नाही", पण ते आक्का शेवटी, घाईत बोलली होती, आणि संकल्पाचं पाणी सोडताना मी ते कलम मनात म्हटलंच नव्हतं. तेव्हा नेम मोडत नव्हता. नेम मोडत नव्हता, म्हणजे बायकोला उपास नव्हता. इतकं सुबक टिपण मी साहेबांसाठी कधी तयार केलं असतं, तर त्यांनी परत केलं नसतं.

आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग कागद परत येतील तसं.

तरी मनात कुठंतरी टोचायचं. ज्या दिवशी भजी खाऊन यायचो त्या दिवशी मी घरात लई गोड वागायचो. पाण्याची घागर उचलून द्यायचो. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेवण झाल्यावर, तिच्याकडं न बघता विचारायचो, "तू जेवलीस का गं?" ती म्हणायची, "जेवते की." मला बरं वाटायचं. पंधरा वर्षांच्या संसारात मी तिला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मला वाटलं, चातुर्मासानं माझ्यात सुधारणा होतेय.

भाद्रपदात एकदा साहेब दौऱ्यावर निघाले. जाता जाता त्यांनी माझ्या टेबलावर तीन मसुदे ठेवले, तांबड्या खुणांचे. म्हणाले, "सवडीनं करा, मुन्शीजी." ते "सवडीनं" मला फार लागलं. दुपारीच कचेरीतून उठलो, स्टँडवर गेलो. हॉटेलवाला म्हणाला, "आज अवेळी? मोठं काम दिसतंय." आदल्या दिवशीही मी तिथं गेलो होतोच. खाऊन, तोंड पुसून, तीन वाजता घरी आलो.

सोप्यात ज्वारी सांडलेली होती. सूप उलटं पडलेलं. बायको भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले, ओठ पांढरे. आक्का तिच्या तोंडावर पाणी मारत होती.

"काय झालं? काय झालं हिला?"

"काही नाही," बायको डोळे न उघडता म्हणाली. "जरा अंधारी आली."

"जेवली नाही का आज?"

"उपास आहे तिचा," आक्का म्हणाली.

"कसला? आज एकादशी नाही, सोमवार नाही."

"तुझ्या भज्यांचा," आक्का म्हणाली. "ह्या आठवड्यातला तिसरा."

मला सुचलं ते बोललो, आणि ते आजही आठवलं की लाज वाटते. मी म्हणालो, "पण बटाट्याची होती."

आक्कानं हातातला तांब्या खाली ठेवला. ती मारते की काय असं मला वाटलं. पण बायकोच हसली, तशाच मिटल्या डोळ्यांनी. "बघा वन्सं. मी म्हटलं नव्हतं, कांद्याची खाणार नाहीत? तेवढं धर्माचं भान आहे ह्यांना."

"तुला कळत होतं?"

"अहो, न कळायला काय झालं? कचेरीतून नुसते रागावून आलात तर घरात आदळआपट करता. भजी खाऊन आलात की घागर उचलता."

"पण मी तुला विचारत होतो की! जेवलीस का म्हणून रोज..."

"रोज नाही," ती म्हणाली. "तुम्ही ज्या दिवशी विचारता, त्याच दिवशी मी जेवलेली नसते."

मी खाली बसलो. सांडलेल्या ज्वारीतच. पंधरा वर्षं मी ह्या बाईच्या हातचं दोन्ही वेळा जेवत होतो, आणि ती जेवताना कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. पुरुषांची पंगत उठली की दार लोटून बायका बसायच्या. माझ्या आईला जेवताना मी पाहिलं नाही, वडिलांनी तर नाहीच. बायको जेवते हे आम्ही गृहीत धरायचो. तिनं महिनाभर माझ्या नाकासमोर उपास केले आणि ते लपवायला तिला काहीच करावं लागलं नाही.

"ऊठ, आधी काहीतरी खा," मी म्हणालो. "दूध तरी घे. आक्का, तुम्ही सांगा तिला."

"आजचा कालच्यासाठी आहे," बायको म्हणाली. "आणि आज परत खाऊन आलात ना? वास येतोय. म्हणजे उद्याचाही आला."

"नाही! उद्याचा नाही. मी नेम मोडला, शिक्षा मला द्या. मी करतो उद्या उपास."

"तुमच्या उपासानं काय होणार? तुम्ही उपासालाही साबुदाण्याच्या तीन थाळ्या खाता," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "मला दुसरं काय करता येत होतं, सांगा. तुमच्या तोंडावर हात ठेवू? तुळजापूरच्या पायरीवर तुम्ही बसलात ना, तेव्हा तुमचे ओठ मामंजींसारखे दिसत होते."

खरं लिहायचं तर सगळंच लिहितो: त्या क्षणी मला खावंसं वाटलं. बायको समोर उपाशी बसलेली, मी भरल्या पोटाचा, आणि मला काहीतरी गोड, तुपातलं, पटकन तोंडात टाकावंसं वाटलं. शरम नुसती घशात उभी होती आणि तिला खाली ढकलायचा दुसरा रस्ता मला माहीत नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं असणार, कारण आक्का म्हणाली, "दुरडीत कोरडी भाकरी आहे. आणू?"

मी मान हलवली. नको.

"मग सांग," आक्का म्हणाली. "भूक नाही तर काय आहे ते सांग."

मी सांगितलं. ज्वारीत बसून सगळं सांगितलं. साहेब, तांबडी पेन्सिल, सज्जनपणा, पंधरा वर्षांची वाहवा, हॉटेलवाल्याला दाखवायची बोटं. बोलताना माझा आवाज फाटला, ते मी खोकल्यावर घातलं. बायको डोळे उघडून ऐकत होती.

"कागद बघू," ती म्हणाली.

"कोणता?"

"जो परत आला तो."

पिशवीत तिन्ही होते. तिनं पहिला घेतला, उजेडाकडं धरला. ओठ हलवत वाचू लागली. शाळामास्तरांची मुलगी, बार्शीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, माझ्या घरात येऊन पंधरा वर्षं तिनं पंचांगाशिवाय काही वाचलं नव्हतं. अर्ध्यात येऊन ती थांबली. परत वरून सुरुवात केली. मग म्हणाली, "अहो, हे वाक्य संपतं कुठं?"

आक्का सांगते, की मी त्यावर रडलो. मी म्हणतो, हसलो. आम्ही दोघांनीही आपापलं म्हणणं आजवर सोडलेलं नाही.

तिनं पेन्सिल मागितली. त्या सबंध कागदाची तिनं चार वाक्यं केली. दुसऱ्या दिवशी तिचा उपास होताच. मी हातापाया पडलो, तरी तिनं तो केला, आणि मी तो बघितला, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, कारण त्या दिवशी मी रजा काढून घरात बसलो होतो. भुकेलं माणूस कसं दिसतं, तो दिवस किती लांब असतो, ते मला त्या दिवशी कळलं. ती मधूनमधून उरलेले मसुदे तपासायची आणि म्हणायची, "तुमच्या मोगलाईत पूर्णविराम महाग होते का?"

पुढची सुधारणा एकदम झाली असं कुणी समजू नये. साहेबांनी चार वाक्यांचा कागद वाचला, एक खूण केली आणि सही केली. बाकीचे परत येतच राहिले, कमी. आक्कानं माझा रस्ता बदलला. "भूक रस्त्यात बसलेली असेल तर रस्ता बदलावा," ती म्हणाली. मग मी कचेरीतून स्टँडकडं न जाता मांजरा नदीच्या काठानं, लांबून घरी यायला लागलो. लांबच्या रस्त्यानं राग बराचसा पायात उतरायचा. जो उरायचा तो घरी येऊन पिशवीतून काढून बायकोपुढं ठेवायचा. दोनदा मात्र नदीचा रस्ता मला थेट स्टँडवर घेऊन गेला. दोन्ही वेळा घरी येऊन मी आपण होऊन सांगितलं, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ती पाण्यावर राहिली. तिसरी वेळ आली नाही.

पण माझा तिच्या शब्दावरचा विश्वास उडाला होता. "जेवते की" मला पुरेना. मी आक्काला म्हणालो, "मला ती जेवताना दिसली पाहिजे. माझ्याबरोबर तिचं ताट मांडा."

"नवऱ्यासमोर?" आक्का म्हणाली. "आपल्या घराण्यात नाही."

"आपल्या घराण्यात पुरुष एकोणपन्नासला जातात," मी म्हणालो.

आक्कानं दोन पाट मांडले, पण समोरासमोर नाही, काटकोनात. बायको आली, बसली आणि भिंतीकडं तोंड केलं. मला दिसला तो तिचा पदर आणि हलणारी कोपर. अर्धी भाकरी खाऊन ती उठली. "होत नाही हो," म्हणाली, "कुणी बघत असलं की घास उतरत नाही." मौनामुळं मला उत्तर देता आलं नाही, ते बरंच झालं. दुसऱ्या दिवशीही अर्धीच. चौथ्या दिवशी पाट जरा वळला. ती बोलायची, मी ऐकायचो. शेजारची म्हैस, डाळीतले खडे, साहेबांचं एक वाक्य जे तिला पटलं नव्हतं. ती बोलायला लागल्यापासून माझ्या डोक्यातले साहेब जेवायला यायचे बंद झाले. भाजी कशाची आहे ते मला कळू लागलं. दीड भाकरीत पोट भरतं हेही कळलं, आणि ते आधी कुणी का सांगितलं नाही म्हणून मला थोडा रागही आला.

कार्तिक उजाडता उजाडता एके सकाळी आक्काला काकडआरतीहून यायला उशीर झाला. कचेरीची वेळ होत आलेली. बायकोनं माझं ताट वाढलं, दीड भाकरी, मापून. स्वतःचं वाढून घेतलं आणि समोर बसली. आता पाट समोरासमोर आले होते, कधी ते माझ्या लक्षात नाही. वांगी वर्ज्य, म्हणून गवारीची भाजी होती, शेंगदाण्याचा कूट घातलेली. ती बोलत बोलत जेवत होती. तिची एक भाकरी संपली, दुसरी संपली. तिनं ताटातली भाजी बोटानं पुसून घेतली आणि क्षणभर चुलीकडं बघितलं. उठू की नको, असं.

मी जेवणातून उठलो. एकवाढी माझी होती, तिची नव्हती. दुरडीतली भाकरी घेतली, ती गरम होती, बोट भाजलं, आणि मौन असल्यामुळं मला ओरडताही आलं नाही. भाजी वाढायला गेलो तर निम्मी पाटावर सांडली. पंधरा वर्षांत मी कुणाला काही वाढलं नव्हतं, ते दिसत होतं.

ती माझ्याकडं वर बघत होती. संकोचानं हात आडवा धरेल, नको म्हणेल, असं मला वाटलं.

"भाकरीवर जरा तूपही घाला," ती म्हणाली, आणि जेवायला लागली.